कासूचे दहा अंश

भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या आमच्या बाईंच्या निवृत्तीनिमित्त निघालेला गौरवअंक परवा माझ्या हाती आला. मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा बाईंसाठी, आणि दुसऱ्यांदा हातात तांबडी पेन्सिल घेऊन. त्यात रोह्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा नऊ पानांचा लेख आहे. ती नऊ पाने आणि मलपृष्ठावरची त्यांची एक ओळ मिळून माझ्या पेन्सिलीच्या सत्तावीस खुणा झाल्या. गुरुजी लिहितात की बाई पेण आणि रोह्याच्या पट्ट्यात जमिनीखालचे तेल शोधायला आल्या होत्या. खोटे. ते लिहितात की बाईंनी भूकंपाचे भाकीत केले आणि गडब गावच्या लोकांना अंगणात झोपायला लावले. साफ खोटे. गडबचे लोक त्या आठवड्यात अंगणात झोपले, कारण वीज गेली होती आणि घरात उकडत होते. ते लिहितात की बाईंच्या हातात सदैव काळी छत्री असे. ती निळी होती. ज्या माणसाला दोन वर्षे डोळ्यांसमोर असलेल्या छत्रीचा रंग धड आठवत नाही, त्याने जमिनीखालच्या गोष्टींविषयी बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी हे अधिकाराने लिहितो. ती दोन वर्षे बाई माझ्या पेणच्या घराच्या माडीवर राहत होत्या. शिवाय मी पस्तीस वर्षे मोजणी खात्यात भूकरमापक होतो. या दोन तालुक्यांत मी चाललो नाही असा बांध क्वचितच सापडेल, आणि माझ्या मोजणीला कोणी बोट लावल्याचे उदाहरण तर मुळीच नाही. निदान, बाई येईपर्यंत नव्हते.

सत्तावीस खुणांपैकी एक खूण गुरुजींनी केलेल्या माझ्याच स्तुतीवर आहे. ती पुसून टाकावी असे मला दोन दिवस वाटत होते. ती पुसायची नाही, म्हणूनच हा लेख.

बाईंचे काम चार वाक्यांत सांगता येते. आपल्या पायांखाली काळ्या कातळाचे थर एकावर एक बसलेले आहेत. घाटमाथ्याकडे ते आडवे आहेत, पण समुद्राकडे येताना ते वाकतात आणि खाली कलत जातात. नेमके कुठे वाकतात आणि किती खोल जातात, हे खणून पाहणे शक्य नाही. सुरुंग उडवून त्याच्या हादऱ्यांवरून अंदाज घेता येतो, पण बाईंना सुरुंगाचा तिटकारा होता. त्यांची रीत निराळी. कोयनेकडे, पालघरकडे, कधी समुद्रापलीकडे धरणी बारीकशी हलते. तिथल्या माणसालाही ते कळत नाही. ती लहर कातळातून वाट काढत आपल्यापर्यंत येते, आणि ज्या थरांतून आली त्यांची खबर सोबत आणते. जागोजाग यंत्रे पुरून ठेवायची, लहर कुठे केव्हा आणि कोणत्या बाजूने पोचली हे टिपायचे, आणि त्या नोंदी एकमेकींशी ताडून खालचे चित्र काढायचे. ही चारच्या वर वाक्ये झाली, पण गुरुजींच्या नऊ पानांपेक्षा कमीच आहेत.

बाई स्वतः हे अधिक सोपे करून सांगत. आमच्या पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांना तोटा नाही. एकदा एका कारखान्यात त्यांनी कारागिराला मूर्तीच्या पोटावर टिचकी मारताना पाहिले. आत ओल राहिली आहे का, हे तो आवाजावरून ओळखत होता.

"मोजणीदार," बाई मला म्हणाल्या, "हेच माझं काम. फक्त मी टिचकी मारत नाही. दुसऱ्या कोणी मारली की कान लावते."

"आणि कोणी मारलीच नाही तर?"

"तर बसून राहते. पृथ्वीला दम धरवत नाही. आपल्याला धरवला पाहिजे."

दम धरण्याचा हा उपदेश करणाऱ्या बाईंना स्वतःला जिना सावकाश उतरता येत नसे. त्या शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारून उतरत. वय साठीला टेकलेले, केस आखूड, पायांत कापडी बूट, एका बुटाची नाडी पांढरी आणि दुसऱ्याची हिरवी. निळी छत्री बारा महिने हातात, पण ती उघडलेली मी एकदाही पाहिली नाही. पाऊस आला की बाई भिजत. छत्रीचा उपयोग त्या बांधावर टोचून माती किती घट्ट आहे हे पाहण्यासाठी करत.

जेवणाची त्यांना शुद्ध नसे. आमच्या आळीत पोह्याचे पापड लाटणाऱ्या बायका बसत. बाई त्यांच्याजवळून जाताना हात पुढे करत आणि बायका त्यावर कच्च्या पिठाच्या दोन लाट्या ठेवत. तेलात बुडवलेल्या त्या लाट्या हेच पुष्कळदा बाईंचे दुपारचे जेवण. पापड भाजून का खात नाही, असे माझ्या पत्नीने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "वहिनी, भाजलेला पापड आवाज करतो."

खोली पाहायला आल्या त्या दिवशी त्यांनी खोली पाहिलीच नाही. स्वयंपाकघरातून एक स्टीलची वाटी मागितली, पाण्याने काठोकाठ भरली, माडीच्या जमिनीवर ठेवली आणि गुडघे टेकून तिच्याकडे एकटक पाहत बसल्या. पत्नीला वाटले, काही व्रत असावे. तिने हळूच समई आणून ठेवली.

"खाली मोरीत कोणीतरी कपडे धोपटतंय," बाई वाटीवरून नजर न काढता म्हणाल्या.

"आमची सून," मी म्हणालो. "आवाज येतो का इथवर?"

"आवाज नाही. पाणी सांगतंय." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही घोरता का?"

"मुळीच नाही."

"घोरलात तरी चालेल. येरझारा घालता का, ते सांगा."

पहिले यंत्र चाचणीसाठी माझ्याच परसात पुरले गेले. दुधाच्या कॅनएवढी ती वस्तू. तिच्यावर माती, मातीवर फरशी, फरशीवर बादली उपडी. आठवडाभराने बाईंनी मला संगणकासमोर बसवले.

"मोजणीदार, तुम्ही सूर्यनमस्कार कोणत्या वारी घालता?"

"रोज. पहाटे पाचला उठून चोवीस. चाळीस वर्षांत खंड नाही."

बाईंनी पडद्यावरची एक रेघ दाखवली. पहाटे पाचपासून सात वाजून दहा मिनिटांपर्यंत ती रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. "या वेळात तुमच्या परसात मांजरसुद्धा फिरलेलं नाही. सात दहाला मात्र एक जड वस्तू खाटेवरून खाली उतरली आहे."

स्वयंपाकघरात पत्नी इतकी हसली की ते हसणेही त्या यंत्राने टिपले असणार. ही हकिकत पेणमध्ये अनेकजण चवीने सांगतात, म्हणून माझे म्हणणे नोंदवून ठेवतो. मी नमस्कार अतिशय हळुवार घालत असे. दुसऱ्या दिवसापासून मी ते पहाटे पाचला थोडे जोरात घालू लागलो, तेव्हा बाईंनी मला 'वाहतूक' या सदरात टाकले आणि यंत्र तिथून हलवले.

बारीक भूकंपांना बाई पाहुणे म्हणत. सकाळी जिन्यावरून उडी मारताच त्यांचा पहिला प्रश्न असे, "काल पाहुणा आला होता. आपण सगळे घरी होतो ना?" म्हणजे सर्व यंत्रे चालू होती ना. एखादे बंद पडलेले निघाले की, "पाहुणा दारात आणि दाराला कुलूप! काय म्हणेल तो?" मोठ्या भूकंपाविषयी त्या आदराने बोलत नसत. "त्यात माणसं मरतात, आणि वर तो नुसता आरडाओरडा करतो. बारीक असतो तो नीट सांगतो."

आता रोह्याकडे वळतो. गुरुजी लिहितात की त्यांच्या बागेत पुरलेले यंत्र हे 'संपूर्ण प्रकल्पातील सर्वोत्कृष्ट केंद्र' होते. या वाक्यावर मी एक नव्हे, तीन खुणा केल्या आहेत. बागेत शांतता राहावी म्हणून गुरुजींनी घरात बोलणे बंद केले, नातवंडांना खेळायला मैदानावर धाडले, हे खरे. पण यंत्र नीट शांततेत आहे ना, हे पाहायला ते स्वतः दिवसातून सहा वेळा खड्ड्यापर्यंत जात. रोह्याच्या नोंदीत दर दोन तासांनी पावले येत, खड्ड्याशी थांबत, आणि दोन मिनिटांनी परत जात.

"गुरुजी," बाई त्यांना फोनवर म्हणाल्या, "यंत्राची प्रकृती उत्तम आहे. कृपा करून त्याला भेटायला येऊ नका."

गुरुजींनी हे वाक्य लेखात दिलेले आहे, पण पूर्वार्धच.

धरमतरच्या खाडीकाठी पुरलेल्या यंत्राची गंमत वेगळी. ते दिवसातून दोनदा हळूच एका बाजूला झुकत असल्यासारखे दाखवी आणि पुन्हा सरळ होई. बाईंच्या विद्यार्थ्यांनी ते नादुरुस्त ठरवून उपटायचे ठरवले. शेजारच्या मिठागरावर काम करणारा एक म्हातारा ते पाहत उभा होता. तो म्हणाला, "पोरांनु, यंतर खराब नाय. भरती आयली की पान्याचा भार पडतो नि काठ वाकतो. आमाला पायाखाली कलतं. तुमाला नाय कलत?"

बाईंनी घड्याळ पाहिले, भरतीची वेळ विचारली, आणि त्या मिठागराच्या वाफ्यात आनंदाने इतक्या उड्या मारू लागल्या की त्या तासाची नोंद टाकून द्यावी लागली. खाडीतले पाणी चढताच काठाची जमीन केसभर झुकते, हे यंत्राने बरोबर टिपले होते. चुकले होते विद्यार्थी. पुढे सहा महिने, कोणी काही ठामपणे बोलू लागला की बाई विचारत, "हे तुम्हाला कळलं आहे, की पायाखाली कळलं आहे?"

हा प्रश्न त्यांनी एकदा मलाही विचारला असता तर बरे झाले असते.

कासू गावात यंत्राला जागा मी शोधून दिली. रेल्वेच्या रुळांपासून पुरेसे लांब, हमरस्त्यापासून त्याहून लांब, पंप नाही, झाड नाही, असे एक भातशेत मला माहीत होते. हिराबाई नावाची सत्तरीची एकटी विधवा ते कसत असे. मला पाहताच तिने दार लावून घेतले. तिचा स्वभावच तसा आहे, असे मी बाईंना सांगितले. बाई दाराशी गेल्या.

"कंपनीची हाव काय गो तुमी?" आतून आवाज आला.

"नाही."

"जमीन पायजे?"

"दीड हात खड्डा पाहिजे. दोन वर्षांनी बुजवून देईन."

"तेच्यात काय पुरनार?"

"कान."

दार फटीएवढे उघडले. "कुनाचा?"

"माझा," बाई म्हणाल्या, आणि दार सताड उघडले. त्या दोघी पुढचा तासभर चुलीपाशी बसून काय बोलत होत्या, हे मला आजतागायत कळलेले नाही. मी बाहेर उभा होतो.

यंत्राच्या अंगावर एक बाण असतो. तो खऱ्या उत्तरेकडे रोखावा लागतो, नाहीतर लहर कोणत्या बाजूने आली हे चुकीचे नोंदले जाते. बाईंनी खिशातून होकायंत्र काढले. मी ते त्यांना परत खिशात ठेवायला लावले. हिराबाईच्या आणि तिचा शेजारी काशिनाथ याच्या शेतांमध्ये हद्दीचे दोन दगड आहेत. गावनकाशात त्या दोन दगडांना जोडणारी रेघ अचूक दक्षिणोत्तर आहे. ती हद्द वीस वर्षांपूर्वी मीच कायम केली होती.

"बाई, होकायंत्राला लोखंड फसवतं," मी म्हणालो. "दगडाला कोण फसवणार?"

बाई वाद घालणार होत्या. पण तेवढ्यात रोह्याहून फोन आला की गुरुजींनी यंत्राचे झाकण 'केवळ वारा लागावा म्हणून' उघडले आहे. त्या छत्री घेऊन धावत सुटल्या. मी दगडाला दगड जोडून दोरी ताणली आणि तिच्यावर बाण बसवला.

दीड महिन्याने कासूच्या नोंदीत एक कोडे सापडले. रोज सकाळी सातच्या सुमारास सात ठोके. एकसारखे, ठाशीव, मोजून सात. विद्यार्थी म्हणाले, कुठेतरी खांब ठोकत असतील. खांब रोज सातच ठोके कसा खाईल? शेवटी बाई आणि मी एका सकाळी कासूला जाऊन बांधाआड बसलो. सातला हिराबाई घरातून निघाली. तिच्या हातात पाट्यावरचा वरवंटा होता. ती नाल्याकडच्या हद्दीच्या दगडापाशी गेली, पदर खोचला, आणि तिने तो दगड बडवायला सुरुवात केली.

"हा काशिनाथच्या बापाला! हा तेच्या बापाला! हा तेच्या बापाच्या बापाला!"

अशा सात पिढ्या झाल्यावर ती वळली आणि तिला मी दिसलो. तिने परत फिरून आणखी एक ठोका घातला. तो सर्वांत जोरात होता.

"आज आठवा?" बाईंनी विचारले.

"ह्यो मोजणीवाल्याला."

बाई बांधावर बसल्या त्या हसतच राहिल्या. मला त्यात हसण्यासारखे काही आढळले नाही. मग हिराबाईने त्यांना सांगितले ते मी वीस वर्षे ऐकत आलो होतो. "बाय, एका साली खाडीचं पानी आत घुसलं. बांध फुटला. ह्यो धोंडा आडवा झाला, गालात-चिकलात गेला. पानी उतारल्यावर काशिनाथच्या बापानं तो उबा केला, पन माज्या शेतात सात मीटर आत. मी बोलले, मोजनी करा. हे सायेब आले. धोंड्याला हात लावला नि बोलले, बरोबर हाय. काशिनाथच्या बापाला भात मिलाला नि मना मिलाला ह्यो वरवंटा."

"ही वीस वर्षे हेच म्हणते आहे," मी बाईंना म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मीही वीस वर्षे तेच म्हणतो आहे. दगड बरोबर आहे."

"ठोकत राहा, हिराबाई," बाई उठता उठता म्हणाल्या. "मला यंत्राचं घड्याळ तपासायला उपयोग होतो."

वर्ष सरता सरता पहिले चित्र तयार झाले, आणि त्यात कासूच्या खाली भेग निघाली. पेणपासून पश्चिमेकडे कलत आलेले थर कासूपाशी एकाएकी पिळवटलेले दिसत होते, जणू कोणी धुणे पिळावे तसे. विद्यार्थ्यांना अपार हर्ष झाला. ज्याने ती भेग प्रथम पाहिली त्याने पेढे वाटले. बातमी पेणच्या एसटी स्टँडवर पोचेपर्यंत भेग गडबपर्यंत लांबली होती, आणि रोह्याला पोचेपर्यंत तिच्यातून वाफ निघू लागली होती. वाफेचे श्रेय गुरुजींचे. हिराबाईला कोणी सांगितले की तुझे शेत फाटणार. ती म्हणाली, फाटायचंच असंल तर धोंड्याखाली फाटू दे.

बाईंनी पेढा खाल्ला नाही. "भेग खाली आहे की वर, ते आधी बघू," म्हणाल्या आणि तीन दिवस माडीवरून उतरल्या नाहीत. माडी इतकी शांत झाली की पत्नीने मला तीनदा वर पाठवले, त्या जिवंत आहेत का पाहायला.

चौथ्या दिवशी त्यांनीच मला बोलावले.

"मोजणीदार, हा पाहुणा पालघरहून आला. आपल्या सर्व यंत्रांनी त्याची दिशा बरोबर सांगितली. एकटं कासू दहा अंशांनी चुकलं. हा कोयनेहून आला. कासू दहा अंशांनी चुकलं. हा समुद्रापलीकडून आला. कासू?"

"दहा अंशांनी," मी म्हणालो.

"खाली भेग असती, तर उत्तरेच्या पाहुण्याशी ती एक वागली असती आणि दक्षिणेच्या पाहुण्याशी दुसरं. सगळ्यांना सारखेच दहा अंश? मग जमीन वाकडी नाही. यंत्र वाकडं बसलंय."

"मी दोरी ताणून दगडांच्या रेघेवर बसवलं आहे."

"मग दगडांची रेघ वाकडी आहे."

"बाई, ती हद्द मी कायम केलेली आहे. नकाशावर सही माझी आहे."

"असेल," बाई म्हणाल्या. "पण भूकंपाला तुमची सही ओळखता येत नाही."

दोन दगडांमधले अंतर चाळीस मीटर. त्यात एका टोकाचा दगड सात मीटर सरकला, तर रेघ दहा अंशांनी वळते. हे गणित मी मनातल्या मनात, त्यांच्या समोरच, त्यांच्याआधी केले. बाईंनी एका कागदाची घडी उलगडली. माझ्या वीस वर्षांपूर्वीच्या अहवालाची प्रत, हिराबाईच्या पत्र्याच्या डब्यातून एका विद्यार्थ्याने आणलेली. त्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेले होते, की तीन गावांच्या शिवेवरील मूळ दगडापासून अंतर मोजून पडताळणी केली.

"तो शिवेचा दगड नाल्यापलीकडे आहे ना?"

"होय."

"त्या दिवशी गेला होतात पलीकडे?"

"नाल्याला कमरेएवढं पाणी होतं."

"मी पाण्याचं विचारलं नाही."

मी अहवालाची घडी होती तशी घातली.  बाईंनी संगणकात कासूच्या नोंदीतून दहा अंश वजा केले, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती भेग बुजली. पेणपासून रोह्यापर्यंत थर समुद्राकडे कलत गेले, एकाखाली एक, जशी रचून ठेवलेली पत्रावळींची चळत एका बाजूने दाबावी. इतके सुंदर काही मी नकाशात कधी पाहिलेले नाही. माझ्या एका न ओलांडलेल्या नाल्यामुळे या कातळाला वर्षभर भेग पडली होती.

"माझं काम झालं," बाई म्हणाल्या. "माझ्या निबंधात ही एक ओळ असेल, कासू, दुरुस्ती दहा अंश. कारण लिहायची मला गरज नाही. हिराबाईच्या शेताचं काय ते तुम्ही बघा."

गरज नव्हती, हेच तर संकट होते. मी गप्प राहिलो असतो तर जगात कोणाचेही काही अडले नसते, हिराबाई सोडून. मी अकरा दिवस बाईंशी बोललो नाही. या अकरा दिवसांत मी स्वतःशी असंख्य मुद्दे मांडले. जमीन दीड गुंठाही नाही. काशिनाथचा बाप वारला. पाणी खरोखरच कमरेएवढे होते. प्रत्येक मुद्दा निर्दोष होता, आणि सकाळी सात वाजले की मला कासूचा आठवा ठोका ऐकू येई. बाराव्या दिवशी मी लेखी जबाब दिला, की शिवेच्या दगडापर्यंत मी गेलो नव्हतो आणि पडताळणीचे वाक्य मी बसल्या जागी लिहिले. तो घेऊन हिराबाईसोबत फेरमोजणीचा अर्ज केला.

आता गुरुजींनी केलेली माझी स्तुती. ते लिहितात, 'विद्यार्थ्यांनी चुकीच्या दिशेने बसवलेल्या यंत्रातील दोष त्या ज्येष्ठ भूमापकांनी केवळ अनुभवाच्या बळावर हेरला.' हे वाचून मला अतिशय बरे वाटले, आणि ते वाटणे सुमारे पाव मिनिट टिकले. यंत्र विद्यार्थ्यांनी नव्हे, मी बसवले. दोष मी नव्हे, बाईंनी हेरला. आणि हे असत्य गुरुजींना कोणी सांगितले? मीच. फेरमोजणीनंतर महिन्याभराने, रोह्याला त्यांच्याच ओट्यावर, चहा पिता पिता. तेव्हा हिशेब स्वच्छ असावा. सत्तावीसपैकी सव्वीस चुका त्यांच्या आहेत, आणि सत्ताविसावी माझी.

सव्वीस मात्र त्यांच्याच. त्यांतली शेवटची अंकाच्या मलपृष्ठावर आहे. तिथे एका छायाचित्रात मी शेतातल्या चिखलात बसलेला दिसतो, शेजारी हिराबाई, मागे बाई. खाली गुरुजींनी ओळ दिली आहे, 'फेरमोजणीप्रसंगी वयोमानाने तोल जाऊन पडलेले ज्येष्ठ भूमापक.'

घडले ते असे. मोजणीला आलेला तरुण नाला ओलांडून शिवेच्या दगडापर्यंत गेला, आणि हद्द सात मीटर काशिनाथच्या बाजूला सरकली. काशिनाथने वाद घातला नाही. "बापाचं मना ठावं नाय," एवढेच म्हणाला, दगड स्वतः खणून काढला आणि खांद्यावर घेऊन नव्या जागी रोवला. हिराबाई तिच्या परत आलेल्या तुकड्यात जाऊन उभी राहिली. नाल्याकडच्या त्या टोकाला चिखल कधी सुकत नाही. मी पॉलिश केलेल्या बुटांनिशी बांधावर उभा होतो.

"या सायेब," ती म्हणाली, "हितं येऊन बगा, बरोबर हाय का."

"इथून बरोबर दिसतंय."

"बांधावरनं तवाबी बरोबरच दिसलेलं."

बाईंचे हसणे माझ्या पाठीमागे फुटले. हिराबाईने हात पुढे केला. माझा तोल गेला नव्हता. वयोमानाचा येथे काहीएक संबंध नाही. तिने मला हाताला धरून ओढले, आणि मी गेलो.